स्वतःलाच इंजेक्शन देणारे डॉक्टर: ब्राऊन-सेकार आणि तुमच्या हातातलं स्टेम सेल सीरम

हल्ली माझ्या दवाखान्यात एक प्रसंग वारंवार घडतो. बीपीच्या नाहीतर शुगरच्या गोळ्या लिहून झाल्या, की पेशंट पिशवीतून एक छोटी काचेची बाटली काढून टेबलावर ठेवतात. बाटलीवर मानवी स्टेम सेल, ग्रोथ फॅक्टर, एक्सोसोम असे शब्द छापलेले असतात. किंमत बहुतेक वेळा माझ्या वर्षभराच्या तपासणी फीपेक्षा जास्त असते. लावू का, एवढंच त्यांना विचारायचं असतं.

याचं उत्तर देण्याआधी मी तुम्हाला एका डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहे. त्यांना जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. ते भोंदू नव्हते. त्यांच्या नावाचा एक विकार आम्ही एमबीबीएसला आजही शिकतो. तरीही आयुष्याच्या शेवटी त्यांनी एक अशी चूक केली, की तीच चूक तुम्ही आणि मी आज आरशासमोर उभं राहून करू शकतो. म्हणून ही गोष्ट नीट वाचा.

मॉरिशसचा मुलगा

शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशसमधल्या पोर्ट लुईचा. कोकणातून गेलेल्या मजुरांमुळे मॉरिशस आपल्याला परकं वाटत नाही, पण ती माणसं तिथे पोहोचू लागली तेव्हा हा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा झाला होता. वडील एडवर्ड ब्राऊन अमेरिकन, जहाजाचे कप्तान. मुलगा जन्माला येण्याआधीच ते समुद्रावर बेपत्ता झाले. आई शार्लोट सेकार फ्रेंच घराण्यातली. तिने शिवणकाम करून मुलाला वाढवलं. पुढे मुलाने वडिलांच्या आडनावाला आईचं आडनाव जोडून घेतलं आणि आयुष्यभर तेच लावलं.

१८३८ मध्ये मायलेक पॅरिसला आले. मुलाला लेखक व्हायचं होतं. तिथल्या एका नामवंत साहित्यिकाने त्याचं लिखाण वाचून त्याला दुसरा मार्ग धरायला सांगितलं. तो वैद्यकाकडे वळला आणि १८४६ मध्ये डॉक्टर झाला.

हातात पैसा नव्हता, पण कामाचा झपाटा विलक्षण होता. मणक्यातला मज्जारज्जू अर्धाच कापला गेला तर काय होतं, हे त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं. इजा ज्या बाजूला असेल त्या बाजूची ताकद जाते, आणि वेदना व गरम-थंड कळणं मात्र दुसऱ्या बाजूचं जातं. आज अपघातानंतर एखाद्या पेशंटमध्ये अशी लक्षणं दिसली, की आम्ही केसपेपरवर ब्राऊन-सेकार सिंड्रोम असंच लिहितो.

आधी प्रयोग स्वतःवर

त्यांची एक सवय पहिल्यापासून होती. शंका आली, की ती स्वतःच्या शरीरावर तपासून पाहायची. पोटातला पाचक रस मिळवण्यासाठी त्यांनी दोऱ्याला बांधलेले स्पंजचे तुकडे गिळले आणि थोड्या वेळाने ओढून बाहेर काढले. असं इतक्या वेळा केलं, की पुढे खाल्लेलं अन्न आपोआप तोंडात परत येण्याची खोडच त्यांना लागली.

१८५४ मध्ये मॉरिशसमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. ते तिथे होते आणि त्यांनी रुग्णांची सेवा केली. अफूच्या अर्काने कॉलरा आटोक्यात येतो का हे पाहण्यासाठी त्यांनी रुग्णाची उलटी स्वतः गिळली आणि वर अफूचा अर्क घेतला. आज असं कुणी केलं तर आपण त्याला वेडा म्हणू. त्या काळात मात्र कॉलरा कशाने होतो हेच डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. हा माणूस दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्याआधी आपला जीव पणाला लावत असे, एवढं त्यातून कळतं.

१८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथींचा आजार वर्णन केला. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी दाखवलं, की या ग्रंथी काढल्या तर प्राणी जगत नाही. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडत असाव्यात आणि त्यावर शरीर चालत असावं, हा विचार त्यांच्या मनात रुजला. आज आपण ज्याला हार्मोन म्हणतो, त्या विचाराची ही सुरुवात होती.

पुढे ते लंडनला मेंदू आणि मज्जातंतूंच्या आजारांच्या रुग्णालयात राहिले, १८६४ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला प्राध्यापक झाले, आणि क्लॉद बर्नार यांच्या निधनानंतर १८७८ मध्ये पॅरिसच्या कोलेज द फ्रान्समध्ये त्यांच्या जागी आले. वैद्यकीय संशोधनात याहून मानाची खुर्ची त्या काळी क्वचितच असेल.

१ जून १८८९

आता ते बहात्तर वर्षांचे झाले होते. प्रयोगशाळेत अर्धा तास उभं राहिलं, की बसावं लागे. रात्री झोप लागत नसे. वीस वर्षांपासून एक कल्पना त्यांच्या डोक्यात होती: पुरुषाच्या वृषणातून रक्तात काही शक्ती देणारं द्रव्य जात असेल, तर म्हातारपणी ते कमी पडत असणार, आणि बाहेरून दिलं तर गेलेली ताकद परत यावी.

मे महिन्यात त्यांनी ते करून पाहिलं. कुत्रा आणि गिनीपिग यांचे वृषण पाण्यात कुटून, गाळून, त्याचं इंजेक्शन स्वतःच्या कातडीखाली घेतलं. वेदना खूप झाल्या. पण काही दिवसांतच त्यांना वाटलं, की आपण बदललो. तासन् तास उभं राहून काम करता येऊ लागलं. जिने जवळजवळ धावत चढता येऊ लागले. हाताची ताकद यंत्रावर मोजली तर वाढलेली दिसली. पोट साफ होऊ लागलं. लघवीची धार किती लांब जाते हेसुद्धा त्यांनी मोजलं, तीही वाढली होती.

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळाच्या सभेत त्यांनी हे सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात ते लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकात छापून आलं. आपल्या मनाचाच हा खेळ असेल का, ही शंका त्यांनाही आली होती. म्हणून त्यांनी इतर डॉक्टरांना हे करून पाहायला सांगितलं आणि तपासून पाहणाऱ्यांना अर्क फुकट पाठवला. स्वतः त्यावर पैसा कमावला नाही.

पण बातमी वर्तमानपत्रांत पोहोचली होती. म्हातारपण हटवणारं औषध सापडलं, एवढंच लोकांनी वाचलं. युरोप-अमेरिकेत अर्क बनवणारे आणि टोचणारे हजारोंनी उभे राहिले. कुणी कोणत्या प्राण्याचा अवयव घेतला, तो किती ताजा होता, भांडी उकळली होती का, सुई स्वच्छ होती का, हे विचारणारं कुणी नव्हतं. काहींना इंजेक्शनच्या जागी गळू झालं, काहींच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला. बाटल्यांवर मात्र ब्राऊन-सेकार यांचं नाव झळकत होतं.

काही आठवड्यांत त्यांची स्वतःची ताकद पुन्हा ओसरली. एप्रिल १८९४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. अर्काचा बाजार त्यांच्यामागेही चालूच राहिला.

मग ताकद आली कुठून?

वृषण हे टेस्टोस्टेरॉन तयार करून लगेच रक्तात सोडतात. ते साठवून ठेवत नाहीत. शिवाय हे द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणजे पाण्यात कुटून काढलेल्या अर्कात ते नावापुरतंच असणार. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ब्राऊन-सेकार यांच्या कृतीप्रमाणे अर्क बनवून मोजून पाहिलं. त्यातलं टेस्टोस्टेरॉन शरीरावर परिणाम होण्याइतकं नव्हतंच.

म्हणजे जो फरक पडला तो अपेक्षेमुळे. याला आम्ही प्लासिबो परिणाम म्हणतो. खोटं बोलणं आणि हे यात फरक आहे. ब्राऊन-सेकार यांना खरोखरच बरं वाटत होतं. चाळीस वर्षं प्रयोग केलेला, मोजमापाचा आग्रह धरणारा माणूस स्वतःच्या अनुभवाला फसला, तर आपलं काय? महागडं सीरम लावल्यावर पंधरा दिवसांनी चेहरा उजळलेला दिसतो, तेव्हा हे आठवा. त्याच दिवसांत तुम्ही चेहरा रोज नीट धुतलेला असतो, मॉइश्चरायझर लावलेलं असतं आणि आरशात बघताना फरक शोधलेला असतो.

त्याच कल्पनेतून निघालेलं खरं औषध

इथे गोष्टीला दुसरी बाजू आहे. ब्राऊन-सेकार यांची कल्पना मुळात चुकीची नव्हती. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी थायरॉइड बंद पडलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क दिला. तिची सूज उतरली, बोलणं-चालणं सुधारलं. ती १९१९ पर्यंत जगली. तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. तुमच्यापैकी जे रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात, त्यांच्या गोळीचं मूळ तिथे आहे.

दोन्हीत फरक कोणता? मरे यांच्या रुग्णाला ठरावीक आजार होता, कमी काय पडतंय ते ठाऊक होतं, अर्कात ते द्रव्य खरोखर होतं, आणि सुधारणा इतरांना डोळ्यांनी दिसत होती. म्हातारपण घालवण्याच्या अर्कात यातलं काहीच नव्हतं.

आता तुमच्या बाटलीकडे या

स्टेम सेल म्हणजे ज्या पेशीपासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात ती मूळ पेशी. विज्ञान खरं आहे. रक्ताच्या कर्करोगात आणि थॅलेसेमियात बोन मॅरो प्रत्यारोपण होतं, ते याच पेशींच्या जोरावर.

पण सीरमच्या बाटलीत जिवंत स्टेम सेल नसते. खोलीच्या तापमानाला प्लास्टिकच्या ड्रॉपरमध्ये पेशी जगत नाही. ज्या द्रवात माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, तो द्रव पेशी काढून घेऊन वापरलेला असतो. त्यात पेशींनी सोडलेली प्रथिनं असतात, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. आणि अतिसूक्ष्म पिशव्या असतात, त्यांना एक्सोसोम म्हणतात. मूळ पेशी कुणाच्या तरी काढलेल्या चरबीतून, बाळाच्या नाळेतून किंवा त्वचेतून आलेल्या असतात. सफरचंदाच्या नाहीतर द्राक्षाच्या स्टेम सेल असं लिहिलेलं असेल, तर तो वनस्पतीचा अर्क आहे. त्याचा माणसाच्या पेशींशी संबंध नाही.

आता दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, धडधाकट त्वचा ही भिंत आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू तिच्यातून सहजी आत जात नाही. ईजीएफ नावाचा प्रसिद्ध ग्रोथ फॅक्टर सुमारे ६,००० डाल्टनचा आहे. म्हणजे नुसतं लावलं तर बरंचसं वरच राहतं. दुसरी, म्हणूनच काही ठिकाणी आधी बारीक सुयांनी किंवा लेझरने त्वचेला छिद्रं पाडतात आणि मग सीरम लावतात. छिद्रातून ग्रोथ फॅक्टर आत जातो, तसा द्रवातला जंतूही जातो. अशा वेळी ते नुसतं क्रीम राहत नाही.

तुम्ही कधी रक्त चढवून घेतलं असेल, तर त्या पिशवीवर एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, गुप्तरोग व मलेरिया यांची तपासणी झालेली असते. रक्त माणसाचं असतं म्हणून ही काळजी. पेशींचा द्रवही माणसाचाच. मग दाता कोण होता, त्याची तपासणी झाली का, पेशी वाढवताना प्राण्याचं सीरम वापरलं का, शेवटी बाटली निर्जंतुक आहे का, हे विचारायलाच हवं. १८८९ मध्ये जे प्रश्न कुणी विचारले नाहीत, तेच हे प्रश्न आहेत.

कायदा काय सांगतो

औषधांचे आणि सौंदर्यप्रसाधनांचे कायदे आपोआप आले नाहीत. १९३७ मध्ये अमेरिकेत एलिक्झिर नावाने विकलेल्या एका औषधातल्या विषारी द्रावकाने शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात बरीच मुलं होती. त्याच दशकात पापण्या रंगवण्याच्या एका प्रसाधनाने डोळ्यांना भयंकर इजा झाल्या. त्यानंतर १९३८ चा कायदा आला आणि प्रसाधनं पहिल्यांदा तिथल्या केंद्रीय कायद्याखाली आली. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा. त्यात सौंदर्यप्रसाधनं १९६२ च्या दुरुस्तीने जोडली गेली. आता त्यासाठी २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. देशात बनवायला परवाना लागतो, बाहेरून आणायला केंद्राची नोंदणी लागते, आणि लेबलवर दिशाभूल करणारा दावा करता येत नाही.

मानवी पेशींच्या बाबतीत देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. युरोपीय संघाने मानवी पेशी, ऊती आणि त्यांच्यापासूनचे पदार्थ प्रसाधनांत वापरायला सरळ बंदी घातली आहे. दक्षिण कोरियात परवानगी आहे, पण दात्याची तपासणी, निर्मितीची स्वच्छता आणि नोंदी यांच्या अटींवर. म्हणजे परदेशी आहे म्हणून चांगलंच असेल, हा युक्तिवाद टिकत नाही. एका देशात चालणारी बाटली दुसऱ्या देशात विकताही येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एक्सोसोमच्या मान्यता नसलेल्या उत्पादनांविरुद्ध जाहीर इशारा दिला, कारण नेब्रास्का राज्यात असे उपचार घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता.

आपल्याकडे स्टेम सेलपासून बनवलेली वस्तू औषध म्हणून वापरायची असेल, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे ती नवीन औषधात मोडते आणि तिला चाचण्या व मंजुरी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सिद्ध झालेला स्टेम सेल उपचार म्हणजे रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण. बाकी सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. म्हणून एखादी बाटली प्रसाधन म्हणून परवाना घेते आणि काउंटरवर मात्र सुरकुत्या मिटतील, केस उगवतील, पेशी नव्या होतील असं सांगून विकली जाते, तिथे थांबा. प्रसाधनाच्या परवान्यावर औषधाचं वचन देता येत नाही.

लावण्याआधी हे विचारा

* पेशी माणसाच्या, प्राण्याच्या की वनस्पतीच्या?
* माणसाच्या असतील तर दात्याच्या तपासणीचा कागद आहे का?
* लेबलवर उत्पादकाचा पत्ता, परवाना किंवा आयात नोंदणी क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत आहे का?
* हे नुसतं लावायचं आहे, की सुया किंवा लेझरनंतर? सुयांनंतर असेल, तर त्या वापरासाठी मंजुरी आहे का, ते लेखी मागा.
* गरोदरपण, स्तनपान, कर्करोगाचा इतिहास, नियंत्रणात नसलेला मधुमेह, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं यांपैकी काही असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.
* लावल्यावर लाली, सूज, पू, ताप आला तर लगेच बंद करा, बाटली फेकू नका, आणि डॉक्टरांना दाखवा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारही करता येते.

गेल्या वर्षी मधुमेह असलेल्या माझ्या एका पेशंट ताईंनी मुलीच्या लग्नासाठी सुयांचं आणि एक्सोसोमचं पॅकेज ठरवलं होतं. पहिला हप्ता भरूनही झाला होता. मी त्यांना हेच प्रश्न कागदावर लिहून दिले. उत्तरादाखल त्यांना मिळाले ते खूश झालेल्या ग्राहकांचे फोटो आणि अनुभव. दात्याच्या तपासणीचा कागद शेवटपर्यंत आला नाही. त्यांनी उरलेले हप्ते भरले नाहीत. पहिला हप्ता बुडाला, त्याबद्दल त्या अजून हळहळतात. लग्नात मात्र त्या सनस्क्रीन आणि साध्या मॉइश्चरायझरवर छान दिसत होत्या.

उन्हापासून बचाव, सिगारेट सोडणं, पुरेशी झोप, आणि गरज असेल तर त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेलं रेटिनॉइड (गरोदरपणात नाही) यांचा फायदा मोजून सिद्ध झालेला आहे. ते स्वस्त आहे, म्हणून त्याची जाहिरात कमी होते.

ब्राऊन-सेकार यांचं नाव आजही जिवंत आहे ते त्या अर्कामुळे नाही. प्राण्यांवर पुन्हा पुन्हा तपासून सिद्ध केलेल्या, दुसऱ्या कुणीही पडताळून पाहू शकेल अशा मज्जारज्जूच्या कामामुळे आहे. एकाच माणसाचं एक काम टिकलं आणि एक वाहून गेलं. तुमच्या हातातली बाटली यांपैकी कुठल्या बाजूची आहे, हे तिच्या कागदांवरून ठरवा. आणि शंका असेल तर पुढच्या तपासणीला येताना ती पिशवीत टाकून आणा. लेबल आपण मिळून वाचू.